नऊ क्रियापदे, शेकडो नकार

विनोद लवकर शिळा होतो, ही तक्रार मराठी वाचकाला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रहसनांतले किती विनोद आज तळटीप दिल्याशिवाय कळतात, याचा हिशेब मांडला तर तो सुखाचा निघणार नाही. संगणकाची गत याहून वाईट. तीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर मुळात उघडतच नाही, आणि तो ज्या फ्लॉपीवर होता ती घालायला यंत्राला फट उरलेली नाही. तेव्हा संगणकावरचा विनोदी खेळ ही दोन्ही अंगांनी नाशवंत वस्तू. ती पस्तीस वर्षे टिकते, लोक ती जपतात, नव्याने विकत घेतात, तिच्यातले संवाद एकमेकांना ऐकवतात, तेव्हा ती का टिकली हा प्रश्न केवळ खेळणाऱ्यांचा राहत नाही. विनोदाचा विचार करणाऱ्या कोणाचाही तो होतो.

ज्या खेळांबद्दल मी लिहिते आहे त्यांना ‘पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर’ म्हणतात. सोयीसाठी मी त्यांना साहसखेळ म्हणेन. पडद्यावर एक चित्र असते : बंदरावरचा गुत्ता, जुना वाडा, एखादे दुकान. त्यात एक पात्र उभे असते. माउसने चित्रातल्या वस्तूकडे बोट दाखवायचे आणि पात्राने काय करावे ते सांगायचे. गोळ्या झाडायच्या नाहीत, घड्याळाशी शर्यत नाही. वस्तू गोळा करायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचे, आणि कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची. या प्रकाराची विनोदी शाखा मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या ‘लुकासफिल्म गेम्स’मध्ये बहरली. चित्रपटकार जॉर्ज लुकास यांच्या कंपनीचा हा विभाग. पुढे त्याचे नाव ‘लुकासआर्ट्स’ झाले. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन ही तिथली तीन नावे या लेखात पुन्हा येतील.

टिकाऊपणाचा पुरावा आधी मांडते. या तिघांचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ १९९० साली आला. २००१मध्ये काही हौशी प्रोग्रॅमरांनी ‘स्कमव्हीएम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यामुळे हे जुने खेळ नव्या यंत्रांवर चालू लागले आणि पुढे मोबाइलवरही आले. २०१२मध्ये टिम शेफर यांनी नवा साहसखेळ काढण्यासाठी थेट लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. सत्त्याऐंशी हजारांहून अधिक लोकांनी मिळून तेहतीस लाखांहून अधिक डॉलर दिले. २०१३मध्ये लुकासआर्ट्सचे खेळ बनवण्याचे काम बंद झाले, तरी ‘ग्रिम फँडँगो’ २०१५मध्ये आणि ‘डे ऑफ द टेंटॅकल’ २०१६मध्ये नव्या रूपात पुन्हा विकले गेले. २०२२मध्ये गिल्बर्ट आणि ग्रॉसमन यांनी त्याच जुन्या नायकाला घेऊन ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ काढला. कंपनी गेली, यंत्रे गेली, चित्रे जुनी झाली, विनोद राहिला.

यावर पटकन दिले जाणारे उत्तर म्हणजे स्मरणरंजन. जे तेव्हा चौदा वर्षांचे होते ते आज पन्नाशीकडे आले, हाती पैसा आला, आणि ते आपले बालपण विकत घेत आहेत. २०१२च्या वर्गणीत हा भाग नक्कीच असणार. पण हे उत्तर मला अपुरे वाटते, आणि त्याचे कारण मी राहते त्या गावात आहे. ओझर हे नाशिकजवळचे, मुंबई–आग्रा रस्त्यावरचे गाव. १९६४पासून येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे, आणि तिथे बनलेल्या मिग विमानांमुळे एसटीच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत गावाचे नाव ‘ओझर मिग’ असे झाले. माझ्याकडे अकरावी-बारावीची मुले इंग्रजीच्या शिकवणीला येतात. त्यांच्या जन्माआधी हे खेळ जुने झालेले होते. गेल्या काही वर्षांत शिकवणी संपल्यावर मी त्यांच्यातल्या काहींना हे खेळ खेळायला बसवले आहे. ती हसतात. आणि नेमकी कोठे हसतात हे पाहत बसणे हाच या लेखाचा पाया आहे. ज्याला आठवायला काही नाही, त्याचे हसणे स्मरणरंजनाच्या खात्यात टाकता येत नाही.

नकाराचे व्याकरण

मुले सर्वांत जास्त हसतात ती योग्य उत्तर सापडल्यावर नव्हे. चुकीचे काही केल्यावर. हे कसे घडते ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

पहिले साहसखेळ चित्रांशिवायचे होते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर विल क्राउदर यांनी लिहिलेल्या आणि डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये वाढवलेल्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये पडद्यावर वर्णन उमटे आणि खेळणाऱ्याने आज्ञा टंकायची असे. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने त्याला चालते-फिरते चित्र दिले, पण आज्ञा टंकणे सुटले नाही. संगणकाला मोजकेच शब्द कळत. तुम्ही ‘दगड उचल’ असे लिहावे आणि त्याला ‘धोंडा’ एवढाच शब्द ठाऊक असावा, असा हा संसार. लेखकाच्या मनातला शब्द ओळखणे हेच अर्धे कोडे होऊन बसे.

१९८७च्या ‘मॅनियाक मॅन्शन’मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी टंकणे काढून टाकले आणि पडद्याच्या तळाशी पंधरा आज्ञांची यादीच छापली. १९९१पर्यंत ती नऊवर आली : दे, उघड, बंद कर, उचल, पाहा, बोल, वापर, ढकल, ओढ. एक क्रियापद निवडायचे, एक वस्तू निवडायची, वाक्य पूर्ण होते.

आता थोडे गणित. नायकाच्या पिशवीत बारा वस्तू आहेत आणि खोलीत दहा. एकट्या ‘वापर’ या क्रियापदाने पिशवीतली वस्तू खोलीतल्या वस्तूवर वापरायच्या एकशेवीस जोड्या होतात. त्यांतल्या एक-दोनच बरोबर. म्हणजे हा खेळ खेळणारा माणूस जवळजवळ सगळा वेळ चुकत असतो. ज्या खेळात नव्वद टक्क्यांहून जास्त कृती चुकीच्या ठरणार, त्यात चुकीला काय उत्तर द्यायचे हाच लेखनाचा मुख्य प्रश्न होतो. ‘हे जमणार नाही’ एवढे एकच वाक्य लिहून भागले असते. पुष्कळ खेळांनी तसेच भागवले. गिल्बर्ट आणि मंडळींनी मात्र चुकीच्या जोड्यांसाठीही वेगवेगळे संवाद लिहिले. नायक कुरकुरतो, टोमणा मारतो, खेळणाऱ्याच्या अकलेबद्दल सौम्य शंका घेतो. माणूस हसतो आणि मुद्दाम आणखी एक वेडी जोडी करून पाहतो.

येथे विनोदाचे एक वेगळेच यंत्र तयार झालेले आहे. पुस्तकात विनोद लेखकाचा असतो, नाटकात नटाचा, आपण ऐकणारे. या खेळात वेडेपणाची कल्पना माझी असते आणि खेळ तिला दाद देतो. मी रबरी कोंबडी दारावर वापरून पाहिली, ही माझी आगळीक. तिला उत्तर तयार आहे म्हणजे माझ्या आधी कोणीतरी हाच खुळा विचार करून ठेवला होता. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी लेखकाला आपला वेडेपणा आधीच ठाऊक होता, याचा आनंद वेगळा असतो. तो शिळा होत नाही, कारण आगळीक दर वेळी नव्याने खेळणाऱ्याचीच असते.

मरण काढून टाकले तेव्हा

चूक हसरी होण्यासाठी ती परवडावी लागते. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या घराण्यातल्या खेळांत ती परवडत नसे. पाय घसरला, मेला. चुकीच्या माणसाशी बोलला, मेला. दोन तासांपूर्वी एक वस्तू उचलायची राहिली तर आता पुढे जाणेच अशक्य, आणि खेळ तसे सांगतही नसे. गिल्बर्ट यांनी १९८९मध्ये साहसखेळांचे नेमके कोठे बिघडते यावर एक लेख लिहिला. खेळणाऱ्याला मरून शिकायला लावू नये, नकळत झालेल्या चुकीने त्याची वाट कायमची बंद करू नये, ही त्यातली सूत्रे. पुढच्याच वर्षी ‘मंकी आयलंड’ने ती अमलात आणली.

त्या खेळाचा नायक गायब्रश थ्रीपवुड हा चाचा होण्याची इच्छा घेऊन बेटावर आलेला, अंगात फारसे काही नसलेला तरुण. आपण पाण्याखाली दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, हा त्याचा एकमेव अभिमानाचा विषय. पुढे त्याला खरोखरच पाण्यात बुडवले जाते. सुटका समोर असते. तरीही खेळणाऱ्याने काहीच न करता दहा मिनिटे बसून राहायचे ठरवले, तर गायब्रश मरतो. संपूर्ण खेळात मरता येते ते येथेच, आणि त्यासाठी चिकाटी लागते. दुसऱ्या एका जागी तो कड्यावरून खाली कोसळतो. पडद्यावर प्रतिस्पर्धी कंपनीच्या खेळांत येई तशीच मृत्यूची चौकट येते. क्षणभराने तो उसळी मारून परत वर येतो, कारण खाली रबराचे झाड होते.

हे उघड विडंबन आहे, आणि विडंबनाच्या टिकाऊपणाबद्दल मराठी वाचकाला काही ठाऊक आहे. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. त्या काळच्या कवितेतल्या ज्या लकबींची त्यांनी खोड काढली, त्या मूळ कविता आजच्या वाचकाच्या फारशा वाचनात नसतात. विडंबने मात्र वाचली जातात. त्याचे कारण असे की चांगले विडंबन लक्ष्याच्या पलीकडच्या एखाद्या कायमच्या खोडीला हात घालते. तिथे ती खोड म्हणजे कवीचे स्वतःच्या दुःखावर लुब्ध होणे. येथे ती म्हणजे अधिकाराचा आनंद : तू चुकलास, आता भोग. माझ्या शिकवणीतल्या मुलांनी ‘किंग्ज क्वेस्ट’ पाहिलेला नाही, पण ‘एक चूक आणि वर्ष वाया’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलेले आहे. रबराचे झाड त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

ओझरमध्ये हे मला अधिक जाणवते. माझ्या वडिलांची सगळी नोकरी हत्यारांत गेली. विमानाच्या कामात प्रत्येक हत्याराला ठरलेली जागा असते. पाळी संपताना एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान पुढे सरकत नाही. ते योग्यच आहे. इंजिनात राहिलेला पाना माणसे मारतो. पण ज्या घरांची भाकरी अचूकपणावर चालते त्या घरांत अचूकपणा जेवणाच्या ताटापर्यंत येतो, वहीपर्यंत येतो, मुलांच्या बोलण्यापर्यंत येतो. वस्तू नेमून दिलेल्या कामासाठीच वापरायची, या शिस्तीत वाढलेल्या मुलापुढे जेव्हा असा खेळ येतो की दिसेल ते उचलून खिशात घालायचे आणि भलत्याच कामाला वापरायचे, तेव्हा त्याच्या हसण्यात थोडी सुटकाही असते. मी ती पाहिली आहे.

शिव्यांची तलवारबाजी

‘मंकी आयलंड’मधला सर्वांत गाजलेला प्रसंग तलवारबाजीचा. चाचा व्हायचे तर बेटावरच्या तलवारबाजीतल्या निष्णात स्त्रीला हरवायचे. पण या बेटावर हात चालवून कोणी जिंकत नाही. एकाने अपमानाची ओळ टाकायची, दुसऱ्याने तिला चपखल उत्तर द्यायचे. उत्तर जमले की वार लागतो, अडखळले की मागे हटायचे. एक शिवी प्रतिस्पर्ध्याला गवळ्याच्या पंगतीला बसवते. तिचे उत्तर शिवी देणाऱ्यालाच गाय ठरवून मोकळे होते. या ओळी लिहिण्यात विज्ञानकथाकार ऑर्सन स्कॉट कार्ड यांचीही मदत झाली होती.

तमाशातले सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत त्याला येथे परके वाटायचे कारण नाही. कलगी-तुऱ्याची परंपरा तर याच पायावर उभी : कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, आणि एकाच्या कुटाला दुसऱ्याने त्याच ठेक्यात उत्तर द्यायचे. अनंत माने यांच्या ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) या चित्रपटाने ती चुरस तमाशा न पाहणाऱ्या घरांतही पोचवली. चंपाषष्ठीला आमच्या ओझरला खंडेराव महाराजांची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात. यात्रेतल्या गर्दीला कोणाच्या अंगात किती बळ आहे याचे कौतुक असते, आणि कोणाच्या तोंडात किती बळ आहे याचेही.

साम्य एवढ्यावर सोडले तर ते वरवरचे ठरेल. मला महत्त्वाचे वाटते ते शिकण्याचे तंत्र. खेळाच्या सुरुवातीला गायब्रशला धड अपमान येत नाही, धड उत्तर येत नाही. ते शिकायचे तर रस्त्यावर भेटेल त्या चाच्याशी लढून हरावे लागते. त्याने तोंडावर मारलेली शिवी आपल्या यादीत जमा होते. ती दुसऱ्याला मारून पाहायची. त्याला उत्तर येत असेल तर तेही आपले. म्हणजे हरणे हा येथे अभ्यासक्रम आहे. नवखा शाहीरही असाच दुसऱ्या फडाच्या सवालांनी तयार होत आला.

आणि शेवटी परीक्षा येते ती पाठांतर मोडणारी. ती निष्णात स्त्री आपण शिकलेली एकही शिवी वापरत नाही. तिच्या शिव्या सगळ्या नव्या. उत्तरे मात्र आपल्याकडे आहेत तीच. जुन्या उत्तरांतले कोणते या नव्या वाक्याला लागू पडते, हे अर्थ लावून ओळखावे लागते. जोड्या घोकून आलेला येथे आपटतो; वाक्य कशामुळे बोचते ते समजलेला जिंकतो. भाषेच्या शिक्षकाने याहून चांगला आकलनाचा प्रश्न काढलेला मी पाहिलेला नाही. शाहिरीत हजरजबाबीपणाला वेगाची अट असते. खेळाने ती काढून टाकली. तुम्ही हवा तितका वेळ विचार करा, प्रतिस्पर्धी तलवार उगारून थांबून राहील.

वेडेपणातली शिस्त

ग्रॉसमन आणि शेफर यांचा ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३) हा या घराण्यातला सर्वांत घट्ट विणलेला खेळ. तीन मित्र तीन काळांत अडकतात. एक वर्तमानात, एक दोनशे वर्षे मागे, एक दोनशे वर्षे पुढे. ठिकाण एकच, एक जुना वाडा. लहान वस्तू एका काळातून दुसऱ्यात पाठवता येतात, तेही फिरत्या संडासातून. भविष्यातली मैत्रीण झाडावर लटकलेली आहे. ते झाड तोडायला हवे. भूतकाळात जॉर्ज वॉशिंग्टन हजर आहे, आणि त्याने लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची दंतकथा प्रत्येक अमेरिकन मुलाला पाठ असते. पण हे झाड चेरीचे नाही. मग त्याची फळे तांबडी रंगवायची. वॉशिंग्टन फसतो, कुऱ्हाड चालवतो, आणि दोनशे वर्षांनंतर ती मुलगी धपकन खाली येते.

हे उत्तर कोणी शहाणा माणूस पहिल्या दमात देणार नाही. पण कळल्यावर ते अन्यायाचे वाटत नाही, कारण त्यातला प्रत्येक दुवा खेळाने आधी दाखवलेला असतो. उत्तर कळले की हसू येते, आणि त्या हसण्यात ‘मला हे सुचायला हवे होते’ अशी चुटपुट असते. उत्तम उखाण्याची किंवा कुटाची हीच खूण.

ही शिस्त सुटली की काय होते त्याचे उदाहरणही याच क्षेत्रात आहे. १९९९च्या ‘गेब्रिएल नाइट ३’मध्ये नायकाला दुसऱ्याचे सोंग घ्यायचे असते, त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर गोळा करून पाकाने मिशी चिकटवावी लागते. ज्याचे सोंग घ्यायचे त्या माणसाला मिशीच नाही. २०००मध्ये एका टीकाकाराने या एका कोड्यावरून साहसखेळांनी आत्महत्याच केली असा निवाडा दिला, आणि तो बराच गाजला. वेडेपणा दोन्हीकडे आहे. एकात तो ठरलेल्या नियमाने चालतो. दुसऱ्यात लेखकाला दुसरे काही सुचले नाही म्हणून.

माकड आणि पाना

आतापर्यंत मी या खेळांची बाजू मांडली. त्यांच्या मर्यादाही मांडायला हव्यात, कारण टिकले म्हणून सगळेच टिकण्याजोगे होते असे नाही.

‘मंकी आयलंड’च्या बेटावर नरभक्षक राहतात. त्यांना आहाराच्या पथ्यापाण्याची काळजी आहे, असा उलटा विनोद लेखकांनी केला आहे. तरीही बेटावरचा काळा माणूस म्हणजे मुखवटा घातलेला नरभक्षक, हे गोऱ्यांच्या साहसकथांतले ठोकळेबाज चित्र त्याने पुसले जात नाही. माझी मुले या भागात हसत नाहीत, आणि मला त्यात नवल वाटत नाही. याउलट नायिकेचा प्रसंग ताजा राहिला आहे. खलनायकाने पळवून नेलेली राज्यपाल इलेन मार्ली हिने सुटकेचा बेत स्वतःच रचलेला असतो, आणि तिला वाचवायला धावलेला गायब्रश तो उधळून लावतो. विनोद वीरपणावर आहे. चिमणरावांना नायक मानून वाढलेल्या वाचकाला ही जात ओळखीची वाटेल.

दुसरी मर्यादा भाषेची, आणि तिचे उदाहरण ओझरला नेमके लागू पडते. दुसऱ्या ‘मंकी आयलंड’मध्ये (१९९१) धबधब्याचे पाणी बंद करायला एक मोठा चाप फिरवायचा असतो. उत्तर असे : गुत्त्यात पियानो वाजवणाऱ्या माकडाला केळ्याने संमोहित करायचे, ताठ झाले की खिशात घालायचे आणि त्याने चाप फिरवायचा. का? तर अमेरिकेत मागेपुढे सरकणाऱ्या तोंडाच्या एका जुन्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. खुद्द इंग्लंडातला माणूसही पान्याला ‘स्पॅनर’ म्हणतो. त्यालाही हे सुचणे कठीण. आमच्या गावात घराघरांतून फिक्स पाना, रिंग पाना, स्क्रू पाना यांची नावे लहान पोरांना येतात. पान्यांबद्दल जगातल्या कोणत्याही गावापेक्षा आम्हाला कमी कळत नाही. पण आमच्या पान्यात माकड नाही, म्हणून ते दार आम्हाला बंद. तलवारबाजीत खेळाने दिलेल्या माहितीवर विनोद उभा होता. येथे तो खेळाबाहेरच्या एका शब्दावर उभा आहे, आणि ज्याच्या घरी तो शब्द नाही त्याला उंबऱ्याबाहेर उभे करतो.

तरी भाषेची ही भिंत अभेद्य नव्हती. या खेळांची जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे तेव्हाच झाली. तलवारबाजीचा प्रसंग दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हणजे शब्द नेऊन भागत नाही. त्या भाषेत बोचणारी शिवी आणि तिला दोन वेगवेगळ्या जागी बसणारे एकच उत्तर नव्याने घडवावे लागते. भाषांतरकारांनी ते केले, आणि जर्मन खेळणाऱ्यांना आपल्या भाषेतल्या ओळी पाठ झाल्या. मराठीत असे काही घडले नाही. माझी मुले हसतात ती इंग्रजीत, आणि वर्गातली जी इंग्रजीला बिचकतात ती माझ्या तोंडून अर्थ ऐकून, म्हणजे एक ठोका चुकल्यावर हसतात. या विषयात मला सलते ते एवढेच. चुकण्याची मोकळीक देणारा हा विनोद ज्यांना सर्वांत जास्त हवा, त्यांच्यापर्यंत तो उसन्या भाषेतून पोचतो.

आपल्याकडचा कच्चा माल

मराठीत असा खेळ होऊ शकेल का, या प्रश्नाला ‘ग्रिम फँडँगो’ने (१९९८) अप्रत्यक्ष उत्तर दिलेले आहे. त्यात टिम शेफर यांनी मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची कल्पना घेतली. मेलेला नायक परलोकातल्या एका सरकारी खात्यात नोकरीला आहे आणि नव्याने आलेल्या मृतांना, त्यांच्या पुण्याईप्रमाणे, पुढच्या प्रवासाची तिकिटे विकतो. विक्रीच्या दृष्टीने तो खेळ पडला. आज तो या प्रकाराच्या उत्कृष्ट नमुन्यांत मोजला जातो. लोकपरंपरेतला परलोक, त्यात कचेरी, कचेरीत कारकून. चित्रगुप्ताचे दप्तर ज्यांच्या गोष्टींत हजार वर्षे चालू आहे त्यांना यातले काय अनोळखी आहे? बतावणीतला शब्दशः अर्थ घेऊन समोरच्याला वेडा करणारा सोंगाड्या, भारुडातली सोंगे, कुटे, उखाणे, हे सगळे या रचनेला सोयीचे आहे.

आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे नकार. हा विनोद नकाराच्या वैविध्यावर जगतो हे मी वर दाखवले. त्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. कोणत्याही कचेरीच्या खिडकीपुढे सकाळभर उभे राहावे : साहेब मीटिंगला गेलेत. हे टेबल माझे नाही. झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत आणा. मूळ प्रत कशाला आणली, झेरॉक्स द्या. सर्व्हर डाउन आहे. उद्या या. परवा सुट्टी आहे. हे ऐकताना आज आपल्याला संताप येतो, कारण तिथे रबराचे झाड नसते. परत फेरी मारायला रजा काढावी लागते. त्याच वाक्यांना नऊ क्रियापदे जोडा, घड्याळ काढून घ्या, आणि खिशात एक रबरी कोंबडी द्या.

गेल्या महिन्यात मी शिकवणीतल्या मुलांना असा एक प्रसंग कागदावर लिहायला सांगितला. नियम एक : बरोबर उत्तर एकच लिहायचे, चुकीच्या जोड्यांची उत्तरे मात्र किमान वीस. बरोबर उत्तर बहुतेकांना जमले नाही. चुकीची उत्तरे लिहिताना वही पुरली नाही. एका मुलीने ‘दाखला’ आणि ‘ढकल’ या जोडीसाठी लिहिले होते : ‘तो गेली तीन वर्षे पुढेच ढकलला जातो आहे, तुम्ही वेगळे कष्ट घेऊ नका.’ सगळा वर्ग हसला. अर्थ सांगायला मला मध्ये पडावे लागले नाही.